मास्टरांचे डोळे आणि मेमरीची पानं

मला कुणी हुशार म्हटलं की अजूनही बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? पण त्या हुशारीपायी एका माणसाचं काय झालं ते आठवलं की तोंडातला घास गोड लागत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पलसाण्याला एका गुजराती शेठच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. राहायला उधन्याला, शेजारपाजार सगळा खानदेशी. मिलचे रंगाचे मास्टरही आमच्याच नंदुरबारकडचे, मी त्यांना काका म्हणायचो. कुठल्या शेडला, म्हणजे छटेला, कुठला रंग किती घालायचा हे सगळं त्यांच्या डोक्यात. शेठनी पूर्वी एक कॉम्प्युटर आणला, तेव्हा काकांनी महिनाभर शेजारी बसून एकेक शेड त्यात भरून घेतली होती. तेव्हापासून रोज सकाळी ते माझ्या खोलीत यायचे, पडद्यावर शेड बघून स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर उतरवायचे आणि रंग कालवायच्या खोलीत घेऊन जायचे. छापून द्यायची पद्धत नव्हती. प्रिंटर एकच, तो ऑफिसात.

पुढे तो कॉम्प्युटर मरायला टेकला. सुटे भाग मिळेनात, आणि त्यातला शेडचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालेना. तो लिहिणारा माणूस केव्हाच परदेशी गेलेला. मग मी अक्कल पाजळली. नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्याचं हुबेहूब सोंग करणारा एक प्रोग्राम लिहिला. जुन्या प्रोग्रामला वाटावं, आपण आपल्याच घरात आहोत. चार महिने खपलो. चालला त्या दिवशी शेठनी सगळ्यांना लोचो, तिकडचा चणाडाळीचा नाश्ता, खाऊ घातला, आणि मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

त्यात एक खोट राहिली होती. कॉम्प्युटर आपली मेमरी पानांमध्ये वाटून घेतो. जुन्याचं पान छोटं, नव्याचं मोठं. जुन्याची आठ पानं नव्याच्या एका पानात बसायची. जुना म्हणाला, 'हे पान आता नको', की माझा प्रोग्राम नव्याला सांगायचा, 'घे परत'. पण नव्याला छोटं पान कळतच नव्हतं. तो अख्खं मोठं पान पुसून मोकळा व्हायचा. डब्याचा एक कप्पा रिकामा झाला म्हणून सगळा डबा विसळायला टाकावा, तसं. शेजारची सात पानं कोरी, त्यांत शेडमधला एखादा रंगही जायचा, आणि कुठे तक्रार म्हणून नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की तीच शेड डिस्कवरून नव्याने यायची, अगदी बरोबर. हे मला सगळं नंतर कळलं.

एका सकाळी काका मोरपंखी शेड उतरवता उतरवता थांबले. "यात पिवळा दिसत नाही रे. चिमूटभर असतो."

मी दुसऱ्या कामात होतो. मान वर न करता म्हणालो, "काका, तुम्हीच सांगितलेलं आहे त्यात. मशीन विसरत नाही, माणूस विसरतो."

उठून बघितलंसुद्धा नाही मी. दोन पावलांवर होता तो पडदा.

काकांचा शिकलेल्या माणसावर फार भरवसा. पिवळ्याशिवाय चिठ्ठी घेऊन गेले. दुपारी कापडाचा लॉट बाहेर आला तो निळा पडलेला. शेठ काकांना घेऊन माझ्या खोलीत आले. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. पिवळा जागच्या जागी होता. चिठ्ठी काकांच्या अक्षरातली, तिच्यात नव्हता. काकांनी पडद्याजवळ तोंड नेलं, बराच वेळ बघितलं. "सकाळी नव्हता," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात असं आणखी दोनदा झालं. काकांनी विचारणंच सोडलं होतं; दिसेल ते मुकाट्याने उतरवायचे. रंग कालवणारी पोरं मागून विचारायची, "मास्टर, चश्मा घरे भूली गया?" मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टरने त्यांना सांगितलेलंच होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. काकांनाही पटलं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण एक दिवस त्यांनी हात जोडले, "मास्टर, हवे आराम करो." आता आराम करा, म्हणजे घरी बसा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोराला स्वतःलाच पत्ता नव्हता.

चिठ्ठी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. काका गेल्यावर दीडेक महिन्याने एका शेडमध्ये तिसरा रंग दिसेना. बंद करून उघडली, दिसला. मी प्रोग्रामच्या ओळी उकरायला बसलो. दोन दिवसांत चूक सापडली. मोठ्या पानातली आठही छोटी पानं नकोशी झाल्याखेरीज ते परत करायचं नाही, एवढंच लिहायचं राहिलं होतं. चार ओळींचं काम. शेठना सांगितलं तर म्हणाले, "हवे चाले छे ने? तो बस. जूनी वात जवा दो."

मी जाऊ दिली. दोन आठवडे जाऊ दिली. काकांच्या गल्लीवरून जायला नको म्हणून उधन्यात लांबचा फेरा मारायचो, इतका भेकड.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. काका दारातल्या खाटेवर बसले होते, उजव्या डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदू पिकला नाही, थांबा, असं डॉक्टर म्हणत होता. काकांनीच हट्ट धरला. नजर साफ झाली की शेठ परत बोलावतील असं त्यांच्या मनात. ऑपरेशननंतर डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. हे सगळं त्यांनी मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं. वर म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं. माझ्यापायी अजून माल बिघडला असता."

मग मला राहवेना. मी सगळं सांगायला लागलो, जुना कॉम्प्युटर, नवा, छोटी पानं, मोठी पानं. त्यांनी मधेच हात वर केला.

"ते मला कळायचं नाही. एवढंच सांग, त्या दिवशी पिवळा होता का नव्हता?"

"नव्हता, काका."

त्यांनी आईवरून शिवी हासडली असती तरी चाललं असतं. पण आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "वो, आयकं का? माले बराबर दिखत व्हतं."

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. काकांकडे न बघता त्या माझ्याकडेच बघत उभ्या राहिल्या.