धायरीतली संतापाची लाट

पुण्यात स्वतःचं मत नसलेली एकच व्यक्ती आहे आणि ती माझी आत्या आहे. सरकारी मोजणी खात्यातून ती निवृत्त झाली, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय निवृत्त झाली नाही. मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे सकाळचा पहिला फोन तिचा. "सभेत उत्साहाचं वातावरण होतं म्हणे. तू काय पाहिलंस?" टाळ्या पडत होत्या, मी सांगायचो. "मग टाळ्या पडल्या असं लिही. उत्साहाचं माझं मी बघेन." माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलाच्या माहितीत 'मनमिळाऊ' असं लिहून आलं होतं. आत्याने भर बैठकीत विचारलं, "कुणाच्या मते?" मुलाचे वडील पाणी प्यायले. "आईच्या," असं मुलाने स्वतःच सांगून टाकलं, म्हणून ते लग्न झालं. टीव्हीवर निवेदक ओरडायला लागला की ती आवाज बंद करून भाजी निवडते. प्रचाराला आलेला एक कार्यकर्ता दारात म्हणाला, "काकू, सगळा प्रभाग आपल्या पाठीशी आहे!" आत्याने त्याच्या पाठीमागे वाकून पाहिलं. "जिन्यात तर कोणी नाही."

त्यामुळे ऑफिसच्या टीव्हीवर हीच बाई संतापाची लाट म्हणून झळकली, तेव्हा माझा चहा हातातच राहिला.

महापालिका निवडणुकीत तिच्या खालच्या मजल्यावरच्या निर्मलाताईंचा मुलगा, म्हणजे आमचा सध्याचा नगरसेवक, दुसऱ्यांदा उभा होता. निर्मलाताई म्हणजे आत्याची एकुलती एक मैत्रीण. दुपारचा चहा रोज वर, आत्याकडे. एका वाहिनीच्या मुलीने आत्याला सोसायटीच्या फाटकापाशी गाठलं आणि नगरसेवकाने काय केलं ते विचारलं. आत्याने सांगितलं, "रस्ता झाला. दिवे लागले. पाणी दिवसाआड येतं. ड्रेनेज झालं नाही." वाहिनीने शेवटचं वाक्य ठेवलं आणि ते पुन्हा पुन्हा दाखवलं. खाली पट्टी: 'धायरीत संतापाची लाट'. आत्याने उन्हामुळे डोळे बारीक केले होते, तेही कामाला आले. मी लगेच फोन लावला. "अरे, मी एकटीच उभी होते," ती म्हणाली. "लाट कुठे होती?"

ती क्लिप धायरीभर फिरली. मुलगा थोडक्या मतांनी पडला. क्लिपमुळेच पडला असं मी लिहिणार नाही, तसा पुरावा नाही. निर्मलाताई मात्र चहाला यायच्या थांबल्या.

रविवारी आत्या मला घेऊन खाली गेली. दार उघडताच तिने सांगायला सुरुवात केली. "मी सगळं सांगितलं होतं गं, त्यांनी एवढंच..."

"माहितीये," निर्मलाताई म्हणाल्या. "तू खोटं बोलली नाहीस. पण रस्ता, दिवे, पाणी... आणि तो? शाळेतून आला की तुझ्याकडेच जेवायचा. तो माणूस कसा आहे, हे तुला सांगावंसं वाटलं नाही?"

मला वाटलं, आता ही विचारेल, कुणाच्या मते. "चांगला आहे," ती म्हणाली. आणि मग, कसलाही पुरावा न देता, "फार चांगला आहे गं."

"हे तेव्हा म्हणायचं होतंस."

आत्याने मान हलवली. दार लागलं नाही, आणि आत ये असंही कोणी म्हणालं नाही. आत्याने चपला काढल्या आणि ती तिथेच उभी राहिली.