हिरव्या चादरीची घडी

सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालायचे. वॉर्डातल्या चादरींची घडी कशीही चालते. ऑपरेशनच्या हिरव्या चादरींची मात्र एकच घडी. दोन्ही टोकांकडून पंख्यासारख्या चुण्या घालत मध्यापर्यंत यायचं, मधोमध मुद्दाम शिवलेलं भोक वर ठेवायचं आणि शेवटी एकेक कोपरा मोकळा सोडायचा. मला हे शिकवलं धायरीहून येणाऱ्या माझ्या सोबतिणीने. "कोपरा वर ऱ्हाऊ दे," एवढंच ती म्हणाली. का, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. घड्या स्टीलच्या ड्रममध्ये भरल्या की ड्रम जंतू मारायला वाफेच्या मशीनला जात आणि तिथून थिएटरमध्ये. थिएटरबाहेर फरशीवर लाल पट्टी मारलेली होती. तिच्यापुढे आम्ही कधी गेलो नाही.

मग माझंच ऑपरेशन ठरलं. गर्भाची पिशवी काढायची होती. अंगावरून इतकं जायचं की आधी रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता उशीर नको, पुन्हा जायला लागलं तर सगळं पहिल्यापासून.

आदल्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर दुसऱ्या सिस्टरना सांगत होत्या, "लाँड्रीतनं कपडा आला नाही. आजची ऑपरेशनं पुढे ढकलली. उद्याचंही काही खरं नाही." मी डोळे मिटून ऐकत होते. उद्या माझा नंबर होता.

दुपारी आमचे मुकादम मला बघायला आले. मी हळूच विचारलं, "धुण्याचं मशीन बंद पडलंय का?"

"स्विच जळलाय. बुधवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळेल. पण आधी तीन दुकानांचे भाव, मग साहेबांची सही, मग स्विच. मशीनला तसं समजावून आलोय. ते शांतपणे उभं आहे."

"आणि उद्या?"

"आपण आराम करा. सध्या आपण सरकारी पाहुण्या." एवढं म्हणून ते गेले, पण जाताना बाह्या वर सारताना मला दिसले.

मी छताकडे बघत राहिले. डॉक्टर होते, खाट होती, रक्तही मिळालं होतं. मुठीत मावेल एवढा स्विच नव्हता, आणि सगळं थांबलं होतं. दवाखाना चांगला की वाईट, हे लोक डॉक्टरांवरून ठरवतात. मीही तेच समजत होते. धुण्याचा सोडा कुठून येतो, कापड कोण शिवतं, वाफ कोण धरतं, आणि यातलं एक जरी अडलं तर डॉक्टरांनी हात धुऊन नुसतं उभं राहायचं, हे मला त्या खाटेवर कळलं. इतकी वर्षं मी त्याच साखळीत उभी होते.

संध्याकाळी सोबतीण आली. तिची बोटं सोड्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"हौदात धुतल्या गं सगळ्या. मुकादम बी पॅन्ट वर करून हौदात उतरलं व्हतं. कुनी हसलं की म्हनायचं, पगार कापीन."

"वाळल्या?"

"इस्त्रीखाली वाळवल्या. तुझ्यासारख्या घड्या नाय जमल्या. पर कोपरा वर हाय."

सकाळी ड्रमची गाडी वॉर्डावरून गेली. तिचं कुरकुरणारं चाक मी ओळखलं. थोड्या वेळाने मलाही लाल पट्टीपलीकडे नेलं.

कमरेत इंजेक्शन दिलं आणि पाय नाहीसे झाले, पण मी जागी होते. ड्रम उघडला. हातमोजे घातलेल्या सिस्टरनी घडी माझ्या पोटावर ठेवली. एक कोपरा त्यांनी धरला, एक डॉक्टरांनी, आणि दोघांची बोटं कापडाच्या आतच झाकलेली राहिली. मग त्यांनी नुसतं ओढलं. चुणीमागून चुणी सुटत चादर माझ्या छातीकडे आली, मग पायांकडे गेली. कुणाचा हात माझ्या अंगाला लागला नाही, खाटेला लागला नाही. जणू ती आपणहून उलगडली. भोक बरोबर जिथे हवं तिथे होतं. माझ्या अंगावर काटा आला. सिस्टरनी विचारलं, "थंडी वाजते का, मावशी?" मी नाही म्हटलं. मग माझ्या तोंडापुढे पडदा लावला.

बरी होऊन कामावर परत गेले तेव्हा मशीन फिरत होतं. मुकादम म्हणाले, "तिसरं दुकान सापडलं एकदाचं."

मी सोबतिणीला टेबलाजवळ बोलावलं. एक घडी मधोमध ठेवली, एक कोपरा तिच्या हातात दिला, बोटं आत लपवायला सांगितली. आम्ही ओढलं. चादर टेबलभर उलगडली. तिने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"यातनं तुला बरं केलं व्हय," ती म्हणाली. मग आपणच चुण्या घालायला लागली, नेहमीपेक्षा सावकाश.