पहिली फेक पाण्याची

आमच्या तलावावर एक रीत होती. फेकजाळं हातात घेतलं की पहिली फेक पाण्याची. तिच्यात मरळ येवो की मूठभर झिंगे येवोत, जे येईल ते तसंच परत सोडायचं. ती फेक धरायची नाही. तिच्यानंतरच्या तीन आपल्या. एक समोर, एक हातभर डावीकडे, एक हातभर उजवीकडे. तीन झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तिन्ही रिकाम्या गेल्या तर त्या दिवशी त्या जागेवर पुन्हा जाळं टाकायचं नाही. बापाने मला हे शिकवलं तेव्हा मी चौथी नापास होऊन घरी बसलो होतो. शाळेत नापास झालो, पाण्यात कधी झालो नाही. हे मी घमेंडीनेच लिहितो.

ह्याच रीतीने मी आमचा तलाव घालवला. चंद्रपूरला, काचेच्या एका खोलीत, जिथे पाण्याचा थेंबही नव्हता.

तलाव मालगुजारीच्या काळातला, चिमूरकडच्या आमच्या गावाला लागून. आमची बावीस घरं त्याच्यावर जगत आली. धान लावायच्या दिवसांत लोकांच्या बांधीवर मजुरी, बाकी वर्षभर तलाव. तो काही वर्षांसाठी ठेक्याने मिळायचा आणि दर वेळी माझ्या नावाने आम्ही तो घ्यायचो. माझं नाव का? तर मला सही येत होती, आणि साहेबाच्या टेबलासमोर माझी मान खाली जात नव्हती. त्या वर्षी नवीन फर्मान निघालं. लिलाव तालुक्याला नाही, चंद्रपूरला. ज्याच्या नावावर बोली सुटेल त्याने अर्धी रक्कम त्याच दिवशी, दुपारी चारच्या आत, नगद भरायची. नाही भरली तर तलाव दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला.

बावीस घरांनी पैसे आणले. कोणी बकरी विकली, कोणी मोहफुलाचे साठवलेले दिले. सगळे माझ्या चिमूरच्या खात्यात टाकले. त्याच खात्यावर बँकेने मला कार्ड दिलं होतं. गावात पहिलं कार्ड माझं. देताना बँकेच्या साहेबाने एक इंग्रजी कागदही हातात ठेवला.

"हे वाचून घ्या बरं का. नियम आहेत."

"वाचतो जी," मी म्हटलं. त्याच्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. पण मागे लाईनीत गावातले चार जण उभे होते. त्यांच्यासमोर मला इंग्रजी येत नाही असं मी म्हणणार होतो का? तो कागद मी घरी पेटीत घडी करून ठेवला. कार्डाच्या गुप्त नंबरचा कागद मात्र चार आकडे पाठ करून चुलीत जाळला, साहेबाने सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर दोनदा कामाने चंद्रपूरला गेलो तेव्हा मशीनमधून पाचशे-हजार काढून पाहिले. करकर वाजून नोटा बाहेर आल्या. मला वाटलं, जमलं आपल्याला.

लिलावाच्या आदल्या दिवशी काकी घरी आली. काकी म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी मासोळीवाली. डोक्यावर टोपलं घेऊन तिने किती बाजार केले त्याला मोज नाही.

"आजच चिमुरातून नगद काढून घे बापू," ती म्हणाली. "कमरेले बांध अन् जा."

"काकी, गाडीत खिसेकापू रायतेत. कार्ड हाये ना माह्यापाशी."

"मी जनमभर कमरेले बांधूनच बाजार केला. माह्या कमरेले कोन हात लावला?"

"तुह्या कमरेले कोन हात लावन काकी," माझा साळा दारातून म्हणाला. सगळे हसले. काकीही हसली. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाली, "ते पत्र्याचं डबडं तुले पैसे देईन, पक्कं?"

"देईन नाई त का. पैसे माह्येच हायेत ना त्याच्यात."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं असेल. पैसे माझेच आहेत ना त्याच्यात.

साळा आणि मी सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. कचेरीत पोचलो तर एक ठेकेदार आधीच खुर्चीवर बसलेला. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे हे सांगायला नको होतं, तो तिच्यावर सारखा हात ठेवत होता. बोली सुरू झाली. तो वाढवायचा, मी वाढवायचो. साळा माझा सदरा ओढत होता. माझ्या साठ हजारांवर ठेकेदार थांबला, आणि तलाव आमचा झाला. मी उठून त्याच्याकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, अर्धे भरा आता. चार वाजेपर्यंत मी इथीच बसून हावो."

"बसा जी. च्या पेऊन बसा," मी म्हटलं. दुपारचे बारा-सव्वाबारा झाले असतील.

तीस हजार काढायचे होते. खात्यात त्याहून थोडे जास्तच होते, पासबुक माझ्या खिशात होतं. मशीनच्या काचेच्या दारापाशी एक चौकीदार उभा होता. सिरोंच्याकडचा असावा, बोलण्यात तेलुगूची लकब होती.

"बाबा, मदत करू का?"

"तू दरवाजा राख," मी म्हटलं.

साळा बाहेर थांबला. मी आत गेलो, कार्ड घातलं, चार आकडे दाबले. मग तीस हजार. मशीन घुरघुरली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. कार्ड बाहेर आलं, त्याच्यामागे एक चिठ्ठी. नोटा नाहीत. चिठ्ठीवरही सगळं इंग्रजीच. मी ती चुरगाळून खाली टाकली.

साळा काचेतून हाताने विचारत होता, काय झालं? मी त्याला हातानेच सांगितलं, थांब. आणि मनात म्हटलं, पहिली फेक पाण्याची. ती गेली. आता तीन आपल्या.

आज कोणी मला मूर्ख म्हणेल. म्हणू दे. पण जन्मभर ज्या माणसाने हात रिकामा आला की असंच केलं, त्याचा हात त्या वेळी दुसरं काय करणार होता? माझ्या मनाने घेतलं की आकडा चुकला. किती महिन्यांनी दाबतो आहे, शेवटचा आकडा आठ की सात, काय भरवसा? जाळं आलं नाही तर जागा हातभर सरकवायची. मी शेवटचा आकडा एकाने कमी केला. मशीनने नाही म्हटलं. एकाने वाढवला. नाही म्हटलं. आता शेवटची फेक राहिली होती. मी घामेजलो होतो, आणि बाहेर लाईनीत एक शर्टपँटवाला घड्याळ पाहत होता. चौकीदाराने दार ढकलून मान आत घातली.

"बाबा, एक मिनट रुको. मले पाहू द्या."

"बाहेर हो," मी ओरडलो. "तू कोन मले सांगनारा?"

आणि मधल्या दोन आकड्यांची अदलाबदल करून तिसरी फेक टाकली.

ह्या वेळी पडद्यावर वेगळीच अक्षरं आली. कार्ड बाहेर आलं. मी पुन्हा घातलं तर मशीनने ते लगेच तसंच परत दिलं.

बाहेर आलो तेव्हा चौकीदार आत जाऊन माझी चुरगाळलेली चिठ्ठी उचलत होता. त्याने ती मांडीवर सरळ केली, वाचली, आणि माझ्याकडे न बघता साळ्याला म्हणाला, "नंबर तो सही था. पैला नंबर बरोबर होता बाबाचा. तीस हजार मांगितले न. एका दिवसाले वीसच निघतेत. वीस मांगते तं भेटले असते."

"मंग आता वीस काढू," साळा म्हणाला.

"आता नाई. तीन बार गलत नंबर डाला. आज कार्ड बंद."

साळा माझ्याकडे बघत राहिला. तो मनात काय जोडत होता ते मला दिसत होतं, कारण मीही तेच जोडत होतो. चंद्रपूरच्या बाजारातला अडत्या आमची मासोळी घ्यायचा. त्याच्या गादीवर साळ्याचा शब्द चालत होता. दहा हजार त्याने उभ्या उभ्या दिले असते. वीस मशीनचे, दहा अडत्याचे. एक वाजायच्या आत आम्ही कचेरीत असतो.

तरी धावलो. त्याच बँकेची मोठी शाखा तिथून जवळच होती. मी पासबुक काउंटरवर आपटलं.

"हे पाहा साहेब. पैसे हायेत का नाई?"

"आहेत," तो म्हणाला.

"मंग द्या."

"खातं चिमूरचं आहे काका. तुमची सही तिथे आहे. इथून मला देता येत नाही."

"पैसे दिसून राह्यले ना तुमाले?"

"दिसतात. पण देता येत नाहीत. चिमूरला जा."

चिमूरला जायचं, पैसे घ्यायचे आणि चारच्या आत परत यायचं. येष्टीने एका बाजूलाच किती वेळ लागतो हे त्यालाही माहीत होतं. मी त्याला शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या, ह्याचा मला आणखी राग आला. साळा अडत्याकडे धावला. अडत्याने दहा दिले, एक नोट जास्त नाही. त्याचा तरी काय दोष? चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना मी कचेरीच्या टेबलावर दहा हजार आणि माझं पासबुक ठेवलं. साहेबाने पासबुक उघडून पाहिलंही नाही. बाजूला सरकवलं. ठेकेदाराने पिशवीची गाठ सोडली.

साहेबाने त्याच्या नोटा मोजून घेतल्या.

परतीच्या गाडीत वरोरा आलं. साळा म्हणाला, "भाऊजी, गावात काय सांगाचं?"

"मशीन बंद होती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बहिणीचा नवरा होतो मी त्याचा. मरेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमूरच्या शाखेत मी फारमावर सही केली. खिडकीतल्या माणसाने पाच मिनिटांत सगळे पैसे दिले. नोटा मोजून, रबर लावून. मी ते घेऊन बावीस घरं फिरलो. कोणी विचारलं नाही, मशीन बंद म्हटल्यावर लोकांना पटलं. काकीने मात्र आपले पैसे हातात धरून विचारलं, "पैसे होते ना बापू?"

"होते."

"कार्ड तुह्यंच होतं?"

"माह्यंच."

"मंग तुह्याच कार्डानं तुह्येच पैसे काऊन नाई देल्ले?"

"मशीन बंद होती काकी."

"पुऱ्या चंद्रपुरात एकच मशीन हाये का?"

मी उठून आलो. आज लिहितो आहे ते तिला उत्तर म्हणून, पण ती ऐकायला नाही. बँकेवर मी वर्षानुवर्षं दात खाल्ले, अजूनही खातो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या हातात इंग्रजी कागद देऊन नियम सांगितले म्हणायचं, आणि पैसे असून नाही म्हणताना का ते त्याच्या भाषेत सांगायचं नाही, ही कुठली रीत? पण चौकीदार मला त्याच वेळी सांगत होता. फुकट सांगत होता, मला कळेल अशा बोलीत. त्याला मी बाहेर हो म्हटलं. हे बँकेने केलं नाही.

पुढच्या हंगामात ठेकेदाराने आमच्याच लोकांना रोजाने लावलं. जाळी त्याची, डोंगे त्याचे, काठावर वजनकाटा मांडलेला. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "घरी बसून काय खासान?" म्हणून गेलो. पहिल्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहून फेकजाळं टाकलं. दोन रोहू आले, चांगले हाताएवढे. नेहमीच्या सवयीने मी जाळ्याची कड उचलून ते पाण्यात सोडले.

काठावरून ठेकेदाराचा माणूस ओरडला, "ए बुढ्या! सोडून काऊन राह्यला?"

"पहिली फेक पाण्याची रायते," मी म्हटलं.

"पानी का तुह्या बापाचं हाये? पैली बी काट्यावर आन. नाई त रोजीतून कापीन."

बाकीचे लोक जाळी हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी काय करतो ते पाहून ते करणार होते. मी जाळं झटकलं, पुन्हा टाकलं. जे आलं ते काठावर नेऊन काट्यावर ठेवलं. मग त्यांनीही आपापली पहिली फेक काट्यावर नेली.