मामा हलले नाहीत, त्या दिवशी

रसिकहो, शांतता! अत्यंत गंभीर घोषणा आहे : आमच्या नाटक मंडळीतले मामा आयुष्यात पहिल्यांदाच न हलता पडून राहिले, आणि त्या प्रसंगी मी जातीने हजर होतो.

नागपूरच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतली नाटकं पाहिली असतील, तर असा नट तुम्हालाही ठाऊक असेल. मामा तिकडच्याच गोरेगावजवळचे धानाचे शेतकरी. दिवाळी ते होळी आमच्या नायिकेचे वडील. तिसऱ्या अंकात मरायचं, एवढंच काम. पण या प्रेताला खाज सुटे. मुलगी बेसूर रडली, तर प्रेत एक डोळा उघडून तिच्याकडे बघे. एकदा नाकावर माशी बसली, ती प्रेताने फाडकन मारली. लोकांनी 'वन्स मोर' दिला. मामा उठले, नमस्कार केला आणि पुन्हा मेले.

"मामा, निपचित पडा ना जरा!" मी म्हणे.

"काऊन? मेलो म्हनून मानूस कामातून गेला का?"

मग लिव्हरमध्ये गाठ निघाली. कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं : गाठीला रक्त नेणाऱ्या नसेत औषध सोडायचं आणि ती नस तिथेच बंद करायची. गाठ उपाशी पडते.

"म्हंजे माह्याच घरी जेवून रायली, अन् मलेच खाऊन रायली? बंद करा तिचं ताट! दिवाळीनंतर प्रयोग आहे माहा."

नळी जांघेतून वर जाणार, हे ऐकून मात्र ते चमकले. "दुखनं पोटात, अन् सुई जांघेत कायले?"

"रक्ताची वाट तिथूनच वर जाते," डॉक्टर म्हणाले.

"मंग चला."

दिवाळीनंतरचा प्रयोग मामांनी केला. पुढचा हंगामही केला. मधे पुन्हा एकदा नस बंद करून आले. आता ते नाहीत. मला दिसतो तो मात्र त्या पहिल्या वेळचा पलंग.

"संध्याकाळपर्यंत उजवा पाय हलवायचा नाही. हलला, तर जांघेतून रक्त सुटेल," नळी काढल्यावर नर्सने बजावलं.

मी मामींकडे पाहिलं. मामींनी पदर खोचला आणि नवऱ्याचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. "हालू नोका! हालाल तं पाहा!"

"सोड. नाही हालत मी."

कपाळावर डास बसला, पोटभर पिऊन उडाला. शेजारच्या खाटेवर कोणीतरी मोबाईलवर गाणं लावलं. मामांचं बोटसुद्धा ताल धरेना. पोटात कळ येत होती, ती फक्त भुवईत दिसे. मग तीही दिसेनाशी झाली. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. मामा तसेच, डोळे मिटून.

मामींनी एकदा पाहिलं. वाकून पुन्हा पाहिलं. आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अजी, हाला नं जरासेक!"