अप्पांच्या कानातलं तेल

आमचे वडील, म्हणजे अप्पा, मुरुडला किराणा दुकान चालवायचे. त्यांना साखरेचा आजार होता. गोळी ते खुशाल विसरत. आंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायला मात्र कधी विसरले नाहीत.

त्या वर्षी पाऊस नव्हता. टँकरचं पाणी प्यायला पुरेना, तरी अप्पा तळाला गेलेल्या विहिरीचं गढूळ पाणी शेंदून डोक्यावरून घ्यायचे. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती. "महादेवालाबी कळतंय की दुष्काळ पडलाय," असं मी म्हणायची. ते हसायचे आणि ओल्या कानात दुकानाची किल्ली घालून खाजवत बसायचे.

कान ठणकायला लागला, तेव्हा मी लसूण घालून तेल कोमट केलं आणि चार थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "लई बरं हाय, माय." मग रोज तेल आणि रोज तेच उत्तर. माझ्या तेलाचा मला भलताच अभिमान, शेजारणींना सांगत सुटले. खरं तर त्यांना घास चावता येत नव्हता. भाकरी दुधात कुस्करून खायचे, तो कान उशीला टेकवत नसत. दुखणं अंगावर काढत होते, आणि तेही माझं मन राखायला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. माझा मलाच राग येतो, अजूनही.

जिल्हा नवाच झाला होता. "आता उस्मानाबादला खेटे नकोत, सगळं लातूरलाच," असं गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगणारे अप्पा स्वतः लातूरचं नाव काढेनात. महिन्याभरानं एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. तोंड वाकडं झालं होतं. त्याच दिवशी मी त्यांना एस.टी.त बसवलं.

लातूरच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. कान तपासून म्हणाले, "वय झालेलं, त्यात साखर. अशा माणसाचं कान दुखणं साधं समजायचं नसतं. जंतू हाडात उतरलेत, चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेलेत. तेलानं हे झालं नाही, पण तेलात महिना गेला. कोण घालत होतं?"

मी काही बोलायच्या आत अप्पा वाकड्या तोंडानं बोलले, "मीच टाकत होतो, साहेब. ही तर पयल्या दिसापासून दवाखान्यात चला म्हनत होती."

मी तसं एकदाही म्हटलं नव्हतं. आणि मी गप्प बसले.

इंजेक्शनं सुरू झाली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या आठवड्यात अप्पा गेले. माती देऊन आल्यावर आत्या माझा हात धरून रडली. "तू लई सांगितलंस बाई, त्यानंच ऐकलं न्हाई." मग काकू तेच म्हणाली, शेजारणी तेच म्हणाल्या. खाटेवर पडल्या पडल्या अप्पांनी भेटायला आलेल्या एकेकाला तेच सांगून ठेवलं होतं.