आपाने सोडलेली जागा

आखातातल्या माहूजमधल्या कोकणी घरांत कुणाला साधी शिंक आली, तरी ती अख्तरुन्निसाआपाला कळायची. रत्नागिरीकडच्या पंधरा-वीस घरांची ‘अमानत’ तिच्याकडे होती. महिन्याला प्रत्येक घराने त्यात वाटा घालायचा आणि कुणी दवाखान्यात पडलं की त्यातून खर्च उचलायचा, एवढाच व्यवहार. पण मागायला आलेल्या माणसाला आपा आधी जेवायला बसवायची, मगच दुखणं विचारायची. मान खाली घालून आलेला माणूस दुसऱ्या भाकरीला आपणहून बोलू लागतो, हे तिला पक्कं ठाऊक.

मग नवा कायदा आला. असा सामायिक विमा यापुढे घरून चालवायचा नाही. पैसा परवाना असलेल्या कंपनीने सांभाळायचा आणि अर्ज सभासदांच्या कमिटीने बघायचे. जुन्या सभासदांनी मुदतीत सही केली तर त्यांची जुनी दुखणीही विम्यात. मुदत टळली तर नाही.

सभासदांतला फटकळ हारून चिडला. “कंपनीवाला जेवायला वाढणार आहे का, आपा?”

“तुला तर नाहीच. कंपनी बुडेल.”

सगळे हसले, सह्या झाल्या. कमिटीवर आपाच असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं. राहिली एकटी मसूदा.

मसूदा अरादला राहायची. तिचा मुलगा साद आणि आपाची मुलगी सुहा यांचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. वाटा मात्र ती न चुकता पाठवायची. ईदच्या दिवशी जिना चढताना मसूदा कठडा धरून थांबली, ओठ घट्ट मिटून घेतले, ते आपाने लांबून पाहिलं होतं. दुखणं साधं नाही आणि ही बाई आपल्या दारात यायची नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “गाडी काढा. अरादला जायचंय.”

“ती दार उघडेल?” कमालने विचारलं.

“न उघडून जाते कुठे! बेल वाजवायला मी दमत नाही.”

मसूदाने दार उघडलं, पाणीही दिलं. सहीचं नाव निघताच तिचा चेहरा बदलला.

“मी वाटा घातला तो लोकांसाठी. तुझ्यापुढे हात नाही पसरायची.”

“माझ्यापुढे कशाला? अर्ज कंपनीकडे जाणार.”

“आणि कमिटीवर कोण? तूच ना? माझ्या पोटातलं सगळं तू वाचणार!”

इतकी वर्षं मायेने वाढलेल्या ताटाची कुणाला धास्तीही वाटत असेल, हे आपाच्या मनातही आलं नव्हतं. कायदा करणाऱ्यांना मात्र ते सुचलं होतं. तिने तिथूनच फोन लावला.

“हारून, कमिटीवर माझ्या जागी तू.”

पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

“जमेल, इंशाल्ला. आणि ऐक, कुणाचं दुखणं माझ्या कानावर घातलंस तर माझ्याकडचं जेवण मफी, कायमचं बंद!”

मसूदाला हसू आवरेना. “पेन आण इकडे,” ती म्हणाली.

परतताना कमालने चिडवलं, “खलास? आता तुला कुणाचं काही कळणार नाही.”

“नाही कळणार,” आपा म्हणाली, आणि वाटेतला पूल संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढे एका दुपारी मसूदाचाच फोन आला. “ऑपरेशन झालं. आज घरी सोडलं.”

कसलं, हा प्रश्न आपाच्या अगदी जिभेवर आला. तिने तो गिळला.

“घरी करायला कोण आहे?”

“कुणी नाही. साद दिवसभर कामावर.”

“मग येते,” आपा म्हणाली.