रंग न दिलेलं बियाणं

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. नोकरीत मी दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ पळालो, दंगलीत दगड खाल्ले, पण खरा घाबरलो तो मक्याच्या एका पोत्याला. वाचणाऱ्याला हसू येईल. त्या दिवशी आमच्या ठाण्यात मात्र कुणी हसत नव्हतं.

बीड जिल्ह्यातला तो दुष्काळाचा सलग दुसरा उन्हाळा. मी वडवणी-माजलगाव पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. ठाण्यात तक्रारी यायच्या त्या टँकरवरच्या मारामाऱ्यांच्या, नाहीतर कडब्याच्या चोरीच्या. ठाण्याच्या आवारातल्या हौदाला आम्ही कुलूप लावलं होतं, पोलिसांचं पाणी चोरीला जाऊ नये म्हणून. आमची अब्रू तेवढीच उरली होती.

हद्दीत विद्यापीठाचं एक मका संशोधन केंद्र होतं. पाच-सहा खोल्यांची प्रयोगशाळा आणि मागे प्रयोगाचे प्लॉट. माणसं थोडी. केंद्राचे प्रमुख एक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली एक तरुण संशोधन सहायक, एक लिपिक, एक पहारेकरी, आणि हंगामात रोजंदारीवर येणाऱ्या बाया. तुऱ्यांना आणि कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या आणि ठरलेल्या झाडाचा पराग ठरलेल्याच कणसावर टाकायचा, हे बायांचं काम. गावातले लोक म्हणायचे, "तितं मक्याची लग्नं लावत्यात." त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला, पेरणीच झाली नाही, आणि बायांचा रोज बंद पडला.

एका सकाळी प्राध्यापक ठाण्यात आले. माझ्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं.

"शीतगृहातून बियाणं गेलंय," ते म्हणाले. "एक पोतं भरेल एवढं. गुन्हा नोंदवू नका, पण लवकर शोधा."

चोरी झालीय पण गुन्हा नको, असं म्हणणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून तिटकारा. मी म्हणालो, "सर, अशा वर्षी मका चोरीला गेला म्हणजे तो कुणाच्या तरी पोटात गेला. आता कुठून आणू?"

"तीच भीती आहे," ते म्हणाले. "त्याला विष लावलंय."

सोंडे किडे लागू नयेत म्हणून बियाण्याला पूड लावतात, हे मलाही ठाऊक होतं. पण तसलं बियाणं गुलाबी असतं. आमच्याकडे शेंबडं पोरही गुलाबी दाणा तोंडात घालत नाही. मी तसं म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. त्यांच्या मक्याच्या एकाच कणसात जांभळे, पिवळे, पांढरे दाणे असायचे. कोणत्या झाडापासून कोणत्या रंगाचे किती दाणे आले, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. वरून गुलाबी रंग चढवला की सगळा अभ्यास झाकला जायचा. म्हणून त्या प्रयोगशाळेत पहिल्यापासून पूड लावायची ती बिनरंगाची. दाणा दिसायला स्वच्छ, खाण्यासारखा.

"तुमच्यापैकी कुणी नेलं असेल?"

"छे. आमच्या सगळ्या माणसांना हे माहीत आहे." हे म्हणताना ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. "आणि साहेब, विषाचं कुठे बोलू नका. बोभाटा झाला तर केंद्राला कुलूप लागेल."

मी हो म्हणालो. बोभाटा मलाही नकोच होता. विषाची बातमी फुटली की माणसं आधी पळतात आणि मग विचार करतात.

हवालदाराला तेवढं खरं काय ते सांगितलं आणि माणसं गावोगावच्या गिरण्यांवर पाठवली. चोरीचा रंगीत मका दळायला आला होता का, एवढंच विचारायचं. उत्तर सगळीकडे एकच, न्हाई. चोरीचा म्हटल्यावर दुसरं काय मिळणार? इकडे मी प्रत्येक वेळी फोन वाजला की सरकारी दवाखान्याचा असेल असं धरून उचलत होतो. हद्दीतल्या कोणत्या चुलीवर काय शिजतंय ते कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं साधन नव्हतं. जेवणाची वेळ जवळ येत चालली होती.

दुपारी हवालदाराच्या खबऱ्यानं टीप दिली. केंद्रासमोर त्याची पानाची टपरी होती. आदल्या दिवशी सहायकाला मोटरसायकलवर पोतं बांधताना त्यानं पाहिलं होतं.

सहायकाला ठाण्यात आणला. जिल्ह्यातलाच पोरगा, शिकून वर आलेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी विचारलं, पोतं कसलं होतं? म्हणाला, "कचरा होता." कुठे टाकला? "आठवत नाही." गुन्हेगार खोटं बोलतो तेव्हा दाराकडे बघतो, हा जमिनीकडे बघत होता. तीन वेळा पाणी मागितलं आणि एकदाही पुरतं प्यायला नाही.

हवालदारानं मला बाहेर बोलावलं. "साहेब, ह्यो चोर वाटत न्हाई. भ्यालेला हाय."

"कशाला?"

"नोकरी टेंपरवारी हाय म्हनं त्येची. यंदा पर्मनंट व्हायची व्हती. पोतं नेलं म्हनला तर गेलीच की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा पोरगा चोरीच्या आळाला भितोय. मी जितका चोरी-चोरी करीन तितका हा मिटत जाणार. मारझोड करून बोलला असता, पण तेवढा वेळ नव्हता आणि मारून काढलेल्या पत्त्यावर भरवसाही नसतो. मी प्राध्यापकांना बोलावून घेतलं, त्यांना त्याच्या समोर बसवलं आणि म्हणालो, "पोरा, चोरी राहू दे बाजूला. त्या मक्याला विष लावलंय."

प्राध्यापक म्हणाले, "साहेब, आपलं ठरलं होतं."

"ते तुमचं ठरलं होतं," मी म्हणालो.

सहायक चक्क हसला. सुटल्यासारखा हसला. "न्हाई साहेब. शीतगृहातल्या बियाण्याला आम्ही औषध लावतच न्हाई. प्रत्येक कणसाचे दोन भाग करतो. अर्धा भाग बाहेरच्या खोलीत, त्याला पूड. अर्धा शीतगृहात, तो कोरा. थंडीत सोंडे होत न्हाईत, म्हणून कोरा. सरांनीच शिकवलंय." आणि त्यानं सरांकडे बघितलं.

सर मान खाली घालून बसले होते. मग हळूहळू बाहेर आलं. भारनियमनामुळे शीतगृह बंद पडत होतं, जनरेटर बिघडलेला, आत उकाडा झाला आणि सोंडे दिसायला लागले. इतक्या वर्षांचं बियाणं हातचं जाईल आणि वर कळलं तर जाब विचारतील, या भीतीनं प्राध्यापकांनी लिपिकाला हाताशी धरून गुपचूप सगळ्या साठ्याला पूड लावली होती. सहायक तेव्हा रजेवर होता. तो परत आल्यावर सांगायचं राहून गेलं. पेपरवेटकडे का बघत होते ते मला आता कळलं.

पोरगा उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. "मावशीला दिला मी," तो म्हणाला. "जुना साठा होता, खड्ड्यात पुरायचा होता. ती गुरांच्या छावणीत हाय. घरात दाणा न्हाई म्हणाली. मी म्हटलं, ह्यो कोरा हाय, खा."

मावशी म्हणजे पिशव्या बांधणाऱ्या बायांमधली सगळ्यात जुनी. सहायक नोकरीला नवा असताना दोन वर्षं तिनं त्याला भाकरी बांधून आणली होती, हे त्यानं जीपमध्ये सांगितलं.

छावणी एका सहकारी साखर कारखान्यानं उघडलेली. माजलगावकडून ट्रकनं ऊस यायचा, जनावरांपुढे पडायचा, आणि जनावरांबरोबर त्यांची माणसंही तिथेच कापडाच्या पालात राहायची. उघड्या माळावर पालांच्या ओळीच्या ओळी. प्रत्येक पालापुढे तीन दगडांची चूल. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती आणि संध्याकाळच्या चुली पेटायच्या होत्या.

मावशी पालाच्या तोंडाशी बसली होती. सहायकाच्या मागे पोलीस बघून ती उभी राहिली.

"मावशी, मका कुठंय?" त्यानं विचारलं. "खाऊ नको. त्याला औषध हाय. मला ठावं नव्हतं."

तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दळून आनलाय," ती म्हणाली. "थोडा शेजारनींना दिला. समद्यांच्याच घरी खडखडाट हाय."

"कुणी खाल्लाय का?" मी विचारलं.

"म्या न्हाई खाल्ला सायेब. सांजच्याला करनार व्हते. सून पोरांना घेऊन टँकरला गेलीया, ती उपाशीच हाय."

माझा जीव खाली पडला, पण तो निम्माच. पीठ किती पालांत गेलं होतं ते तिलाही सांगता येईना. शेजारणीनं पुढच्या शेजारणीला दिलं होतं.

ऊस वाटपासाठी छावणीत भोंगा लावलेला होता. मी माइक हातात घेतला आणि थांबलो. पोलिसाचा आवाज ऐकला की पीठ चुलीमागे लपलं असतं. मी माइक सहायकाच्या हातात दिला. "तूच बोल. खरं ते सगळं बोल."

"मी मका केंद्रातला सर बोलतोय," तो म्हणाला. "मावशीनं तुम्हाला जो मका दिला, तो मी दिलेला हाय. त्याला विष लागलेलं हाय. चूक माझी हाय, तुमच्यावर कुणी आळ घेणार न्हाई. पीठ असंल, भिजवलं असंल, भाकर केली असंल, समदं घेऊन या. कुणी खाल्लं असंल तर त्यानं आधी या."

मग बाया यायला लागल्या. कुणी वाटीत पीठ घेऊन, कुणी परातीत कणीक. एकीनं तव्यावरची अर्धी कच्ची भाकर पदरात धरून आणली. हवालदारानं सगळं एका पिंपात गोळा केलं. मावशी स्वतः पालापालांतून फिरत होती, नावानं हाका मारत होती, "अगं ए, तुला दिलतं न्हवं? आन की इकडं, कावून लपीवतीस?" तिच्यामुळे आमचं निम्मं काम हलकं झालं. मला वाटलं, बाई खंबीर आहे.

पाण्याच्या टाकीजवळ ती खाली बसली. पदरानं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा. मी जवळ गेलो. तोंडातून लाळ थांबत नव्हती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. विषबाधेच्या पंचनाम्यात असे डोळे मी पूर्वी बघितले होते.

"मावशी, तुम्ही खाल्लंय."

"दुपारच्याला. येकच भाकर."

"मग सांगितलं का नाही?"

ती सहायकाकडे बघत नव्हती, पण बोलली ती त्याच्याबद्दलच. "तुमी त्याला धरून आनलाव. म्या खाल्लं म्हनले आसते तर त्याच्यावर आलं आसतं. म्हनलं, येका भाकरीनं काय व्हतंय, जिरून जाईल."

तिला जीपमध्ये घातलं आणि गाडी जिल्हा रुग्णालयाकडे पळवली. पोरगा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ती थरथरत होती आणि त्याचा हात सोडत नव्हती. तिला मरणाची भीती वाटत नव्हती असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. ती भीती मी आरशातून बघत होतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि मला सांगितलं, जबाब घेऊन ठेवा. नायब तहसीलदार आले. रुग्ण शुद्धीवर आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तहसीलदारांनी विचारलं, मका कुणी दिला?

"कुनीबी न्हाई," मावशी म्हणाली. "रस्त्यात सापडला."

अख्ख्या छावणीनं भोंग्यावरून ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं. तरी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेच म्हणाली, आणि अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. छावणीत बाकी कुणाला काही झालं नाही.

सहायक आणि प्राध्यापक दोघांवर हयगयीचा गुन्हा दाखल झाला. सहायकाच्या वकिलानं लगेच ओळखलं की मृत्युपूर्व जबाबाइतका आधार दुसरा नाही. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही, असं कायदा धरून चालतो. भोंग्यावर जे बोलला ते घाबरून बोलला, एवढं म्हटलं की झालं. त्यानं पोराला गप्प बसायला सांगितलं. पोरगा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी खोटं बोलली. मका मीच दिला, माझ्या हातानं दिला." त्याची नोकरी तर गेलीच होती, शिक्षाही झाली.

पोलिसातल्या माणसाला भीतीचा धंदा कळतो असं आम्ही समजतो. माणूस स्वतःसाठी भ्याला की खोटं बोलतो आणि दुसऱ्यासाठी भ्याला की खरं बोलतो, हे त्या दुपारी सहायकाला बोलतं केल्यावर मला वाटलं होतं, आणि त्या हुशारीवर मी खूषही होतो. दोन तासांत मावशीनं ते मोडून काढलं. तिनं दुसऱ्यांसाठी वाटणाऱ्या भीतीपोटी छावणी वाचवली आणि त्याच भीतीपोटी माझ्यापासून आपली भाकर लपवली. ती खरं बोलली असती तर मी तिला तिथूनच गाडीत घातलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, तासभर आधी आणली असती तर बाई वाचली असती.